बंद मागांची रात्रपाळी

कुजबुजणं त्यांना जमत नसे. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान अर्धे गेले होते आणि त्या बदल्यात आवाज दुप्पट झाला होता. "बाई, ही गोष्ट फक्त तुमच्या-माझ्यात," असं ते म्हणाले की ती आमच्या शाळेच्या सगळ्या वर्गांत पोचलेली असे, आणि पाठीमागच्या लाईनीत, म्हणजे माग-कामगारांच्या खोल्यांच्या रांगेत, भाकऱ्या थापणाऱ्या बायाही माना वर करून ऐकत. राजकारणात पडलेल्या माणसाला एकही गोष्ट गुप्त ठेवता येऊ नये, याहून मोठी अडचण कुठली? पण त्यांना तिचं काही वाटत नसे, कारण आपण मोठ्यानं बोलतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

लाईनीत सगळे त्यांना तोंडावर आबा म्हणत आणि पाठीमागे पुढारी. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर पांढरी टोपी आणि खाली कारखान्यातली तेलाच्या डागांची खाकी पँट. हे काय सोंग, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, सभेत लोक कमरेच्या वरचं बघतात आणि मागापाशी कमरेच्या खालचं मळतं, मग दोन जोड कशाला पाळायचे? खिशात पेनाच्या जागी धोटा असायचा, मागावर इकडून तिकडे पळतो तो लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला. भाषणात मुद्दा आला की तो टेबलावर आपटायचा, टेबल नसलं तर स्वतःच्या मांडीवर. आमच्या मोठ्या सरांच्या टेबलाच्या काचेला त्या धोट्यानंच तडा गेला होता, आणि नवी काच मागवायचं पत्र मी सुरत सोडेपर्यंत महानगरपालिकेत फिरत होतं.

मी मूळची साताऱ्याकडची. बँकेतल्या नवऱ्याची बदली झाली म्हणून सुरतेला आले आणि उधन्यातल्या एका मराठी शाळेत चिकटले. पोरं जवळजवळ सगळी खानदेशातून आलेल्या माग-कामगारांची. माझ्याशी मराठी, आपापसात हिंदी, दुकानदाराशी गुजराती आणि आईशी अहिराणी बोलणारी. माझीच पहिले सहा महिने दातखीळ बसलेली. पुढारी या जातीविषयी मात्र माझं मत लग्नाआधीच पक्कं होतं, कारण माझे एक मामा पुढारी होते. त्यामुळे हे गृहस्थ पहिल्यांदा वर्गाच्या दारात उभे राहिले तेव्हा मी हातातला खडूही न ठेवता विचारलं, कसली वर्गणी?

वर्गणी नव्हती. ते एक विनंती घेऊन आले होते. माझ्या वर्गाची खिडकी लाईनीकडे उघडत होती आणि लाईनीत दिवसा रात्रपाळीची माणसं झोपत. पाढे चालतील, कविता चालतील, शाळेची घंटाही चालेल, असं त्यांनी सांगितलं. मागाच्या माणसाला आवाजानं जाग येत नाही. पण पोरांना मारू नका. पोर रडलं की सगळी लाईन उठून बसते, कारण प्रत्येकाला ते आपलंच वाटतं. मी त्या काळी पट्टी वापरत असे आणि तिचा मला अभिमानही होता. पुढे ती माझ्या हातून आपोआप सुटली. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांना जे जमलं नव्हतं ते त्या माणसानं झोपेचं कारण सांगून केलं, हे मी कबूल करते.

तोवर मला वाटायचं की लाईनीतल्या खोल्या नुसत्या लहान आहेत. मग कळलं की त्या दोन पाळ्यांत चालतात. कारखान्यात पाळ्या बारा-बारा तासांच्या, सकाळी सात ते संध्याकाळी सात आणि तिथून पुन्हा सकाळी सात. खाटांचंही तसंच. आबांच्या खोलीत एक खाट होती. रात्री तिच्यावर आबा झोपत. सकाळी ते दिवसपाळीला निघाले की शेजारचा भिका रात्रपाळीवरून येऊन त्याच खाटेवर आडवा होई. भिकाला स्वतःची खोली होती, पण तिथे त्याची बायको दिवसभर साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करी. भिंतीपासून भिंतीपर्यंत साड्या पसरलेल्या, त्यात पाय कुठे पसरणार? लाईनीत घरोघर हाच प्रकार. माणूस बदलला की गोधडी बदलायची, खाट तीच. आबांची बायको, जिला सगळे आक्का म्हणत, झोपलेल्या भिकाच्या भोवतीनं झाडून काढी, तांदूळ निवडी, आल्यागेल्याशी बोले, आणि यात कुणालाच काही वावगं दिसत नसे.

आबा दोनदा निवडणुकीला उभे राहिले आणि दोनदा पडले. मोठ्या पक्षाचं तिकीट त्यांना कुणी देणार नव्हतं आणि त्यांनी मागितलंही नाही. पहिल्या वेळी अपक्ष म्हणून चिन्ह मिळालं कपबशी. झालं, लोक गमतीनं चहा मागू लागले. आबांनी आक्काला सांगून खोलीबाहेर मोठं पातेलं चढवलं. येईल त्याला चहा. दोन दिवसांनी त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, ते कोपऱ्यावरच्या ओट्यावर चढले आणि मांडीवर धोटा आपटून जाहीर केलं की ज्यांनी माझा चहा घेतला त्यांनी मला मत देऊ नये, नाहीतर ती लाच होईल. तोपर्यंत सगळ्या वॉर्डानं चहा घेतलेला होता. त्यातल्या प्रामाणिक लोकांनी त्यांचं ऐकलं आणि लबाडांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं.

दुसऱ्या निवडणुकीत चहा नव्हता, पण भाषणं होती. बाकीचे उमेदवार नळ देणार होते, गटार देणार होते, एकानं तर बागही कबूल केली होती. आबा म्हणत, नळ येणार नाही. मी निवडून आलो तरी या पाच वर्षांत येणार नाही, मी कचेरीत चौकशी केली आहे. पण टँकर येतो तेव्हा मारामारी होते, ती मी बंद करीन. रांग सरळ लावीन. लोक खो खो हसले. रांग सरळ लावणारा नगरसेवक कुणाला पाहिजे? ते पडले, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टँकरपाशी जाऊन रांग सरळ लावू लागले. मी विचारलं, आबा, पडल्यावरही? त्यांना माझा प्रश्न कळला नाही. मला वाटलं ऐकू आला नसेल, म्हणून मी पुन्हा मोठ्यानं विचारला. तो ऐकू आलेला होता.

एक गोष्ट मात्र ते स्वतःहून कधी काढत नसत. प्लेगच्या वर्षी सुरतेत पळापळ झाली तेव्हा याच माणसानं ओट्यावर उभं राहून सांगितलं होतं की जीव आधी, सगळ्यांनी गावी निघा. लाईन एका दिवसात रिकामी झाली. उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांत माणसं दारांना लटकून गेली. थोड्याच दिवसांत सगळं निवळलं आणि ही मंडळी परत आली, तर कित्येकांच्या मागांवर दुसरी माणसं उभी होती. आबांचा सख्खा धाकटा भाऊ त्यांतलाच. त्याला पुन्हा माग मिळाला नाही. तो गावी परतला, दुसऱ्यांच्या शेतांत मजुरीला लागला आणि आबांशी बोलायचा बंद झाला. मला हे आक्कानं सांगितलं, आणि सांगताना आबा समोरच बसलेले असूनही तिनं आवाज खाली आणला. त्यांना ऐकू गेलं नाही, पण कशाविषयी चाललंय ते कळलं असावं. ते उठून बाहेर गेले.

म्हणून दोन-तीन वर्षांनी मंदी आली तेव्हा आबांनी एकच गोष्ट डोक्यात घेतली. या वेळी लाईनीतलं एकही घर हलू द्यायचं नाही.

मंदी आली ती दिवाळीच्या सुट्टीतून. दिवाळीत कारखाने बंद होतात आणि लाभपाचमेला मुहूर्त करून उघडतात, अशी तिकडची रीत. त्या लाभपाचमेला शेठनं कुलूप काढलं, मागांना कुंकू लावलं, नारळ फोडला, सगळ्यांच्या हातावर खोबरं ठेवलं आणि कुलूप पुन्हा लावलं. कापड पडून आहे म्हणाला, देवदिवाळीला बघू. देवदिवाळीला म्हणाला, उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, होऊ द्या. गल्लोगल्ली तीच तऱ्हा. उधन्यात एरवी दिवसरात्र जो खडखडाट असायचा तो थांबला, आणि मला आठवतं, माझा आवाज वर्गात मलाच फार मोठा वाटायला लागला.

वाईट दिवसांतलं लाईनीतलं पहिलं भांडण पोटावरून झालं नाही, खाटेवरून झालं. काम बंद, म्हणजे दोन्ही पाळ्या घरी. रात्री खाट एक आणि माणसं दोन. पहिल्या रात्री लोक उलटसुलट झोपले, एकाचे पाय दुसऱ्याच्या तोंडाशी. दुसऱ्या रात्री बोलाचाली. तिसऱ्या रात्री कुणीतरी कुणाच्या पाठीत खाटेचा लाकडी पाय हाणला. आठवडाभरात दोन बिऱ्हाडं गावी जायची भाषा करू लागली. पैसे नाहीत हे ती सांगत नव्हती. झोप नाही, हे सांगत होती.

आबांनी शाळेच्या मैदानात सभा बोलावली. मी वह्या तपासत थांबले होते, त्यामुळे मला आयतीच ऐकायला मिळाली. बोलले ते अहिराणीत, मी मराठीत सांगते.

"काम कधी सुरू होईल ते मला ठाऊक नाही. शेठलाही ठाऊक नाही. जे ठाऊक नाही त्याचं मी बोलणार नाही. खाट एक आणि माणसं दोन, हे मला ठाऊक आहे. तर उद्या सकाळपासून पाळ्या सुरू. दिवसपाळीनं सातला घर सोडायचं, रात्रपाळीनं संध्याकाळी सातला सोडायचं. माग बंद आहेत. पाळी बंद नाही."

लोक हसले, पण या वेळचं हसणं निराळं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा माझ्याकडे आले आणि अर्धी कोरी असलेली जुनी हजेरीची वही मागून घेऊन गेले.

ती दिवसपाळी काय करायची? काही जण नाक्यावर जाऊन सुट्या कामासाठी उभे राहत. काही जण भेस्तानपासून पर्वत पाटियापर्यंत पायी फिरून कुठला कारखाना उघडतोय का ते पाहून येत. उरलेल्यांना आबांनी लाईनीमागच्या गटारात उतरवलं. ते गटार पाच वर्षांत कुणाला साफ करता आलं नव्हतं, ते बेकारांनी नऊ दिवसांत केलं. मग आमच्या मैदानातले खड्डे बुजवले, शाळेचे उडालेले पत्रे बसवले. रात्रपाळीला आबांनी शेठच्या बंद कारखान्याचा पहारा दिला. शेठनं तो मागितलेला नव्हता. आबांचं म्हणणं असं की मागांच्या मोटारींत तांबं असतं, चोर तांब्यावर टपलेले असतात, आणि मोटारी गेल्या तर शेठ पुन्हा कारखाना उघडायचा नाही. माग शाबूत तर आपण शाबूत. म्हणून रात्रपाळी गेटापाशी शेकोटी करून बसे, भजनं म्हणे आणि सकाळी सातला येऊन आपापल्या खाटेवर पडे. दोन्ही वेळा आबा वही घेऊन उभे. हजेरी घ्यायची, नाव घेतलेल्या माणसानं हजर म्हणायचं, आणि पुन्हा मोठ्यानं म्हणायचं, कारण पहिलं त्यांना ऐकू येत नसे.

मी जेवताना हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, बेकारांची हजेरी घेणारा हा पहिलाच माणूस. आम्ही दोघंही पोट धरून हसलो. पण पंधरा-वीस दिवसांनी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पलीकडच्या गल्ल्यांतले बाप दुपारीच प्यायला लागले होते. आमच्या लाईनीतले बाप मुलांना सोडायला यायचे ते दाढी केलेले असायचे. काम नाही, पगार नाही, तरी दाढी केलेली. हे कुणाला पटवून देणं अवघड आहे, पण मला त्या दाढ्या पाहून गलबलून यायचं. त्या माणसाविषयी आदर वाटायचा आणि रागही यायचा. हा यांना सगळ्यांना कुठे नेतोय, असं वाटायचं.

त्याच सुमारास भिका शाळेत आला. त्याची सुरेखा माझ्याच वर्गात, चौथीला. बायकोच्या टिकल्यांचं कामही बंद पडलं होतं आणि नेणारं कुणी नसलेल्या साड्यांचे गठ्ठे खोलीभर तसेच पडून होते. पारोळ्याजवळ सासुरवाडी होती, तिथे निदान दोन वेळची भाकर होती. त्यानं मान खाली घालून सुरेखाचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला. मी अर्ज लिहून घेतला आणि आठवड्यानं ये म्हणाले.

तो गेला आणि आबा आले. खुर्ची माझ्याजवळ ओढली, इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे कानात सांगितलं, "बाई, दाखल्याला उशीर लावा."

मी म्हटलं, हे नियमात बसत नाही.

"तुम्ही नियमानंच चाला," ते म्हणाले. "नियमानं चाललं की उशीर होतोच. आजवर मी कचेऱ्यांत काम लवकर करा म्हणून भांडलो. आता पहिल्यांदा उशीर मागतोय, तर तो तुम्ही नाही म्हणता. दाखला हातात पडला की तो गाडीत बसला. गाडीत बसला की त्याचा माग गेला. माझ्या एका माणसाचा गेलाय, तेवढा पुरे."

भावाविषयी ते माझ्यासमोर बोलले ते एवढंच. पुढाऱ्यानं सरकारी दिरंगाईची भीक मागावी असा प्रसंग माझ्या मामांच्याही वाट्याला आला नसेल. मी हो म्हणाले. अर्थात हे सगळं कानातलं बोलणं गेटाबाहेर उभ्या असलेल्या भिकानं शब्दन्‌शब्द ऐकलेलं होतं, आणि त्यानं ते ऐकलंय हे मला खिडकीतून दिसत होतं.

तिथून पुढे दर सोमवारी आमचं एक नाटक चाले. भिका येई, विचारी, बाई, दाखला? मी सांगे, मोठ्या सरांची सही राहिली. पुढच्या सोमवारी शिक्का राहिलेला असे. त्यापुढच्या सोमवारी शिक्का असे पण शाई नसे. तो बरं म्हणून निघून जाई. एकदाही चिडला नाही, वर जाऊन तक्रार केली नाही. खरं तर दाखला दुसऱ्याच दिवशी तयार झाला होता आणि माझ्या खणात पडून होता. भिकाला हे माहीत होतं आणि त्याला माहीत आहे हे मला माहीत होतं. घरी बायकोनं विचारलं तर त्याला सांगता येत होतं, शाळेतून मिळत नाही. त्याच्याही मनातून जायचं नव्हतं. फक्त न जाण्याचं खापर फोडायला कुणीतरी हवं होतं आणि ते मी झाले होते.

उत्तरायण आलं आणि गेलं. पोरांनी पतंग उडवले. त्यानंतरच्या आठवड्यात एक दिवस सकाळी अकराच्या सुमारास, भूगोलाच्या तासाला, दोन गल्ल्यांपलीकडून लोखंडाचा आवाज येऊ लागला. ठण ठण, मग खडखड, मग पुन्हा ठण ठण. सुरेखा उभी राहिली आणि म्हणाली, बाई, माग सुरू झाले. मलाही तसंच वाटलं. मी चक्क पुस्तक मिटलं आणि सगळ्यांना खिडकीपाशी जाऊ दिलं. पोरं टाळ्या वाजवत होती. मी देखील वाजवल्या असतील.

शाळा सुटल्यावर मी मुद्दाम त्या बाजूनं गेले. शेठच्या कारखान्यासमोर भंगारवाल्याचा ट्रक उभा होता. मोठ्या घणांनी माग फोडून त्यांचे तुकडे ट्रकमध्ये टाकत होते. शेठनं माग वजनावर विकले होते. दिवसपाळीतल्या सगळ्यांना त्या दिवशी नेमकं पर्वत पाटियाला माल उतरवायचं सुटं काम मिळालं होतं, म्हणून तिथे कुणी नव्हतं. आणि रात्रपाळी दोन गल्ल्यांवर, त्या घणांच्या आवाजात, गाढ झोपलेली होती. मागाच्या माणसाला आवाजानं जाग येत नाही.

त्या संध्याकाळी मला सारखा खणातला तो दाखला दिसत होता. महिनाभरापूर्वी दिला असता तर भिका पारोळ्याला पोचून काही ना काही कामाला लागला असता. मी एका बहिऱ्या माणसाच्या नादी लागून त्याला अडकवून ठेवलं होतं, आणि कशासाठी, तर जे माग कुणी राखू शकत नव्हतं त्यांच्यासाठी. सकाळी लवकर निघाले, शाळेचा दरवाजा शिपायाकडून उघडवून दाखला घेतला आणि सरळ लाईनीत गेले.

थंडीचे दिवस होते, सातला दहा मिनिटं कमी होती आणि पुरतं उजाडलं नव्हतं. दिवसपाळीची माणसं आबांच्या दाराबाहेर उभी होती. वही उंबऱ्याशी पडलेली होती. आत आबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजले होते, टोपी खाली जमिनीवर. आक्कानं मला दाराशीच थांबवून सगळं सांगितलं. काल संध्याकाळी कळल्याबरोबर ते शेठकडे गेले होते. शेठनं बसवलं, चहा पाजला आणि म्हणाला, "काका, मशीन मारां छे. वेचुं के राखुं, मारे जोवानुं." माग त्याचे, विकायचे की ठेवायचे ते त्यानंच बघायचं, त्यात खोटं काही नव्हतं. आबा घरी आले आणि आडवे झाले ते उठलेच नाहीत. संध्याकाळी सात वाजता रात्रपाळी दारात येऊन हजेरीसाठी उभी राहिली, तरी उठले नाहीत. मग रात्रपाळी गेली कुठे, मी विचारलं. गेटावर, आक्का म्हणाली. रिकाम्या कारखान्याच्या गेटावर बसायला गेली. कुणी जा म्हणालं नव्हतं.

मी आत जाऊन हाक मारली. आबा वळले नाहीत.

"देऊन टाका, बाई," ते भिंतीला म्हणाले. "सगळ्यांना दाखले देऊन टाका. मी दोनदा चुकलो. तेव्हा जा म्हणालो ते चुकलं, आता थांबा म्हणालो ते चुकलं. रात्री चोर येतो म्हणून पहारा ठेवला. दिवसा मालक येईल हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

धीर द्यायला माझ्यापाशी काय होतं? त्यांच्यासारखंच मीही ठरवलं होतं की जे ठाऊक नाही ते बोलायचं नाही. होळीनंतर भेस्तानच्या कारखान्यांत या लोकांना एकेक करून काम मिळत जाणार होतं, आबांना सगळ्यांत शेवटी, पण त्या सकाळी ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात भिका आला. डोक्याला मफलर, डोळे धुरानं लाल, काखेत गुंडाळलेली गोधडी. त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, आणि जाऊन खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. मग म्हणाला, "आबा, उठा. सात वाजनात. मनी निजानी येळ व्हयनी."

आपली निजायची वेळ झाली, हे त्यानं दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं.

आबा कुशीवर वळले. "भिका, बाईंनी दाखला आणलाय. तो घे आणि आजच्या गाडीनं नीघ."

भिकानं माझ्याकडे हात केला नाही. तो गोधडीची घडी उलगडत होता. "रातभर जागेल शे मी," तो म्हणाला. "आते माले निजू द्या. उठसू मंग देखसूत."

खाटेवर पडून राहायला आबांपाशी आता काही सबब नव्हती. सात वाजून गेले होते आणि ज्याची खाट तो समोर उभा होता. त्यांनी पाय खाली सोडले. हातांनी गुडघे दाबून उभे राहिले, टोपी उचलून झटकली आणि बाजूला सरले. भिका लगेच त्याच जागेवर आडवा झाला, गोधडी डोक्यावरून घेतली, आणि बघता बघता त्याचा श्वास संथ झाला.

आबा त्याच्याकडे पाहत राहिले. मग उंबऱ्याशी वाकून त्यांनी वही घेतली आणि बाहेर गेले. मी काही बोलणार तोच आक्कानं तोंडावर बोट ठेवून मला खुणावलं. हळू, बाई, माणूस आत्ताच झोपलाय. मी दाखला पर्समध्ये ठेवला आणि पाय न वाजवता बाहेर आले. बाहेर आबांनी वही उघडली होती आणि ते हजेरी घेत होते, इतक्या मोठ्यानं की दुसऱ्या टोकाच्या खोल्यांमधून उशीर झालेले लोक सदऱ्याची बटणं लावत धावत येत होते.